सीमेवरचा हिवाळा : कनेरगाव नाका परिसरातील बालआजार आणि पालकांच्या उपायांचा इतिहास

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले कनेरगाव नाका हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते आणि मराठवाडा व विदर्भ यांच्या सरहद्दीवरचे एक गजबजलेले ठिकाण म्हणून ओळखले जाते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिश प्रशासनाकडे गेला आणि १९०२ च्या कराराने तो कायम भाडेपट्ट्याने त्याच प्रशासनाकडे राहिला. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षे वाशीमकडचा मुलूख एका राजवटीखाली आणि हिंगोलीकडचा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राजवटीखाली होता. या सरहद्दीवरून ये-जा करणाऱ्या मालावर संस्थानाची करोडगिरी, म्हणजे जकात, वसूल होई. कापूस, कापड, मीठ आणि अफू यांची मोजदाद करणाऱ्या या व्यवस्थेची नोंद महसुली इतिहासात सापडते. परंतु त्याच सरहद्दीच्या दोन्ही अंगांना दर हिवाळ्यात तान्ह्या मुलांच्या छातीत भरणारा कफ, रात्रीची घरघर आणि एक दुखणे सरते न सरते तोच येणारे दुसरे दुखणे यांचा इतिहास मात्र बव्हंशी घरातल्या बायकांच्या हातात, तोंडी आणि अलिखित राहिला.

या इतिहासाकडे पाहण्याची रूढ रीत अशी की, पूर्वी अज्ञान होते, मग औषध आले आणि प्रश्न सुटला. प्रत्यक्षात हिवाळ्यात वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलाच्या आईबापांपुढचा मुख्य प्रश्न फारसा बदललेला नाही. साधे पडसे कोणते आणि जिवावर बेतणारे दुखणे कोणते हे ओळखायचे कसे, घरी किती वेळ थांबायचे आणि घराबाहेर मदतीसाठी केव्हा निघायचे, हा तो प्रश्न होय. मुलाकडे बारकाईने पाहणे हा या भागातील बालसंगोपनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ भाग ठरला. त्या पाहण्यातून निघालेले उपाय मात्र कधी उपयोगी, कधी निरुपद्रवी आणि कधी घातक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकशास्त्राने जी मोठी मजल मारली, ती या पाहण्यालाच मोजमापाची जोड देऊन मारली, असे पुढील विवेचनातून दिसून येईल.

ऋतू आणि घर

मराठवाड्याच्या या पट्ट्यात कोजागिरीनंतर हवा पालटू लागते आणि मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. शेजारच्या परभणी येथे कृषी विद्यापीठाच्या परिसरात काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली नोंदवला गेला आहे. दुपारी मात्र ऊन कडक असते, आणि दिवस-रात्रीच्या या तफावतीलाच जुनी माणसे लहान मुलांच्या दुखण्याचे कारण मानत आली. हवेतील गारठा स्वतः आजार निर्माण करीत नाही, हे आता ठाऊक आहे. तरी गारठ्यामुळे माणसे दारे-खिडक्या लावून एकत्र झोपतात, चूल घरात अधिक वेळ पेटलेली राहते आणि कोरड्या थंड हवेत श्वसनमार्गाचे विषाणू अधिक काळ तग धरतात, म्हणून जुन्या निरीक्षणातील ऋतूचा संबंध खोटा ठरत नाही. पडशाला कारण होणाऱ्या ऱ्हायनोव्हायरस या एकाच विषाणूगटाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या फारशी कामी येत नाही. त्यामुळे पाच वर्षांखालील निरोगी मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होऊ शकतो आणि त्यांतील बहुतेक वेळा हिवाळ्याच्या आगेमागेच येतात.

याच महिन्यांत शेतीची कामेही दाटीने येतात. हिंगोली आणि वाशीम या दोन्ही बाजूंना कापूस हे दीर्घकाळ मुख्य नगदी पीक राहिले असून त्याची वेचणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चाले; आणि वेचणी हे मुख्यतः बायकांचे काम असल्याने अंगावर पिणारे मूल शेताच्या बांधावर झाडाला टांगलेल्या झोळीत निजे. संध्याकाळी घरी परतल्यावर चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या जळत. मातीच्या, पुरेशी खिडकी नसलेल्या घरात हा धूर आढ्यापर्यंत साचून राही आणि मूल बहुधा आईच्या मांडीवर, म्हणजे चुलीच्या अगदी जवळ असे. आईच्या कामाची घाई, मुलाचे दुखणे आणि घरातील धूर हे तिन्ही एकाच ऋतूत एकत्र येत, ही गोष्ट पुढील सर्व उपचारांच्या मुळाशी होती.

सहाण, शेगडी आणि कुंची

आयुर्वेदात बालरोगांसाठी कौमारभृत्य नावाची स्वतंत्र शाखा होती. तिचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यातील वेदनाध्याय हा भाग, बोलू न शकणाऱ्या बाळाला नेमके काय दुखते ते त्याच्या हालचाली, रडणे आणि श्वास यांवरून कसे ओळखावे याविषयी आहे. श्वासाचा विकार झालेल्या बाळाच्या छातीतून अतिउष्ण श्वास बाहेर पडतो, अशी खूण तेथे दिलेली आढळते. खेड्यातील घरांपर्यंत हा ग्रंथ पोहोचला नव्हता हे उघड असले, तरी पाहून ओळखण्याची तीच पद्धत आजी, सासू आणि सुईण यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

घरगुती उपचारांत पहिला मान घुटीचा होता. घुटी किंवा बाळघुटी म्हणजे काही वाळलेल्या मुळ्या, फळे आणि शेंगा सहाणेवर आईच्या दुधात अथवा उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळून बाळाला चाटवण्याचे चाटण होय. तिच्या पुडीत साधारणपणे बाळहिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध आणि हळकुंड हे जिन्नस असत, तर अंगभरणीसाठी खारीक आणि बदाम. हे सारे एकदम किंवा सारख्या प्रमाणात उगाळले जात नसे. कोणत्या मुळीचे सहाणेवर किती वेढे घ्यायचे, म्हणजे ती किती वेळा गोल फिरवायची, हे बाळाच्या वयावर आणि त्या दिवसाच्या तक्रारीवर ठरे. कफ दाटला असेल तर काकडशिंगी, अतिविष आणि वेखंड यांचे वेढे वाढत, पोट बिघडले असेल तर मुरुडशेंगेचे, आणि जायफळाचा हात मात्र नेहमी आखडता असे, कारण त्याने मूल गुंगते हे अनुभवाने माहीत होते. वेढ्यांच्या या हिशेबामुळे मात्रा अत्यल्प राही आणि रोज सकाळी घुटी देताना मुलाची जीभ, पोट, छाती आणि डोळे पाहिले जात. औषधी गुणाइतकेच या रोजच्या तपासणीला महत्त्व होते, असे म्हणता येते. सहाण, मुळ्या आणि पाणी स्वच्छ नसतील तर मात्र हीच घुटी जुलाबाला कारण होई, हेही विसरता येत नाही.

घुटीच्या जोडीला शेक आणि धुरी येत. अंघोळीनंतर शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग टाकून धुरी दिली जाई. विड्याचे किंवा रुईचे पान तेल लावून तव्यावर कोमट करून छातीवर ठेवले जाई. टाळूवर तेल आणि वेखंडाची पूड थापून डोक्याला कुंची, म्हणजे पाठीपर्यंत येणारे कापडी टोपडे, बांधले जाई. थोड्या मोठ्या मुलाला अडुळशाच्या पानांचा रस मधातून आणि रात्री हळदीचे दूध मिळे. हळद तर या भागाचेच पीक असून वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. निजामी मुलखातील मुस्लिम घरांतून याच कामासाठी उन्नाब, बनफशा आणि ज्येष्ठमध यांचा जोशांदा, म्हणजे युनानी पद्धतीचा काढा, चाले आणि शेजारधर्माने तो इतर घरांतही जाई. आजच्या दृष्टीने पाहता मुलाला ऊबदार ठेवणे, अंगावर पाजत राहणे आणि एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी मध देणे या गोष्टी टिकल्या. एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये, असे आता सांगितले जाते, कारण त्यातून बॉट्युलिझम या दुर्मीळ पण गंभीर विषबाधेचा धोका असतो. आधीच धूर भरलेल्या खोलीत दिलेली धुरी मात्र, श्वास लागलेल्या मुलाच्या हिताची नव्हती.

दुखण्यांची नावे आणि भीतीचे उपाय

या भागातील बोलीत श्वसनाच्या आजारांसाठी जी नावे रूढ आहेत, त्यांवरून पाहणीची सूक्ष्मता ध्यानात येते. वाहते नाक म्हणजे पडसे. आवाज करणारा श्वास म्हणजे घरघर. छाती भरली म्हणजे कफ सुटत नाही. उबळ येऊन मूल काळेनिळे पडे तो डांग्या खोकला. श्वासाची धाप वाढली की लहाक लागली. आणि श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊन पोट उडू लागले की वऱ्हाडाकडे त्याला डब्बा म्हणत. ही उतरंड सौम्याकडून गंभीराकडे जाणारी आहे, आणि तिच्या शेवटच्या दोन पायऱ्या आधुनिक वैद्यकातील न्यूमोनियाच्या, म्हणजे फुप्फुसदाहाच्या, लक्षणांशी जवळजवळ जुळतात. उत्तरकालीन आयुर्वेद ग्रंथ योगरत्नाकर यात उत्फुल्लिका या नावाने पोट फुगणे आणि श्वास लागणे असा एक बालरोग वर्णिलेला असून त्यावर शेक आणि पोटावर तप्त शलाकेचे डाग सांगितले आहेत.

लक्षण अचूक ओळखूनही उपाय हाताशी नसला, म्हणजे काय होते, याचे उदाहरण हे डागच होत. बिब्ब्याचे तेल सुईच्या टोकावर गरम करून पोटावर ठिपके देणे, किंवा तापवलेल्या लोखंडाने चटके देणे, हा प्रकार मराठवाडा, वऱ्हाड आणि सातपुड्याच्या पट्ट्यात दीर्घकाळ चालला. मेळघाटातील कोरकू समाजात त्याला डम्मा म्हणतात आणि तेथे तो अगदी अलीकडेपर्यंत बातम्यांचा व न्यायालयीन सुनावण्यांचा विषय होत आला आहे. बिब्बा उतला, म्हणजे त्याने कातडीवर फोड आले, की रोग बाहेर पडला असे समजत. प्रत्यक्षात दम लागलेल्या मुलाच्या वाट्याला भाजल्याच्या जखमा आणि जंतुसंसर्गाचा नवा धोका येई.

याहून शांत, आणि म्हणूनच कमी नोंदला गेलेला, प्रकार अफूचा होता. कामावर जाणाऱ्या आया मूल निजून राहावे आणि खोकला थांबावा म्हणून मोहरीएवढी अफू देत. मुंबईच्या गिरणगावात तिला बाळागोळी म्हणत. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या अफूविषयक शाही आयोगापुढे हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या साक्षींत तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या या चालीचा वारंवार उल्लेख येतो. अफूने खोकल्याची उबळ दबते हे खरे. पण तिने श्वासही मंदावतो, आणि फुप्फुसात सूज असलेल्या मुलाच्या बाबतीत हा मंदपणा प्राणघातक ठरू शकतो. संध्याकाळी शेतातून आल्यावर मूल शांत झोपलेले दिसे आणि धाप कमी झाल्यासारखी वाटे. पाहणीवर आधारलेल्या संगोपनाची याहून मोठी फसगत दुसरी नव्हती, कारण ज्या खुणेवर आईचा निर्णय अवलंबून होता तीच खूण औषधाने पुसली जाई.

दैवी उपायांचे स्थान याहून वेगळे होते. पाचवीच्या रात्री पुजली जाणारी सटवाई, मीठ-मोहरी ओवाळून काढलेली दृष्ट, गळ्यातला ताईत, देवाचा किंवा पिराचा अंगारा यांनी फुप्फुसातली सूज उतरत नसे. पण घरातील सर्वांचे लक्ष त्या मुलाकडे वेधले जाई आणि वरचेवरच्या दुखण्याचा ठपका एकट्या आईवर येण्याऐवजी काही अंशी बाहेरच्या शक्तीवर जाई. बालमृत्यू इतके सर्रास असलेल्या समाजात या आधाराची किंमत कमी लेखता येणार नाही. १९१० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले पहिला वाढदिवसही पाहत नव्हती. आणि संस्थानी मुलखात नोंदी याहून विरळ असल्या, तरी स्थिती याहून बरी असण्याचे कारण दिसत नाही.

दोन राजवटी, एक साथ

सरहद्दीच्या दोन बाजूंना सरकारी वैद्यकाची घडण निराळी होती. वाशीम हे १९०५ पर्यंत वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते आणि तेथे ब्रिटिश पद्धतीचा दवाखाना व देवी टोचण्याची यंत्रणा होती. गावोगाव फिरणाऱ्या लसटोचकाला लोक देवी डॉक्टर म्हणत. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी असल्याने पाश्चात्त्य वैद्यक तेथेही लवकर आले, पण त्याचा रोख सैनिकांकडे होता. निजाम सरकारने एकीकडे ॲलोपॅथीला आणि दुसरीकडे युनानी पद्धतीला राजाश्रय दिला. या सर्व व्यवस्थांत देवीची लस असली, तरी लहान मुलाच्या हिवाळी खोकल्यासाठी नेमका उपाय कोणाकडेच नव्हता, कारण जंतूंवर मात करणारे औषधच अद्याप निघाले नव्हते.

१९१८ मध्ये ही उणीव भीषण रूपात उघडी पडली. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ सप्टेंबरनंतर दुसऱ्या, अधिक मारक लाटेत रेल्वेमार्गांनी देशभर पसरली आणि मराठी मुलखात ती मानमोडी या नावाने स्मरणात राहिली. त्या वर्षी पावसाने दगा दिल्याने दुष्काळ होताच. या साथीने वीस ते चाळीस वयाच्या माणसांना, आणि त्यांतही स्त्रियांना, जास्त गाठले. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या मुलांच्या बाबतीत तिचा घाव दुहेरी होता, कारण मूल साथीतून वाचले तरी त्याला पाजणारी आणि त्याच्याकडे पाहणारी आई घरात उरली असेलच असे नव्हते. हिवाळी दुखण्यांविरुद्धची सारी घरगुती व्यवस्था एका व्यक्तीच्या जागरणावर उभी होती, आणि ती व्यक्ती गेली की व्यवस्थाही कोसळे, ही गोष्ट मानमोडीने स्पष्ट केली.

त्यानंतरच्या दशकांत बाजारातून नवी साधने घरात आली. मद्रासमार्गे लोकप्रिय झालेले, पण मूळ १८९३ मध्ये मुंबईत तयार झालेले अमृतांजन, आणि मुंबईचेच डोंगरे बालामृत यांच्या जाहिराती मराठी नियतकालिकांतून वर्षानुवर्षे झळकत राहिल्या. सहाणेवरच्या वेढ्यांऐवजी बाटलीतला चमचा आला, आणि मात्रा ठरवण्याचे काम आजीकडून लेबलाकडे गेले. खरी क्रांती मात्र प्रतिजैविकांनी, म्हणजे जंतूंचा नाश करणाऱ्या औषधांनी, घडवली. सल्फा गटातील औषधे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना १९५४ मध्ये होऊन पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या डब्ब्यावर शतकानुशतके चटक्यांखेरीज उपाय नव्हता, तो आता चार-सहा दिवसांच्या औषधाने बरा होऊ शकत होता; अट एवढीच की, ते औषध वेळेत आणि योग्य मुलाला मिळावे.

दवाखान्याची वाट

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, काही वर्षांत जकातीची सरहद्द संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात एकत्र आले. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र हा पट्टा दीर्घकाळ कडेचाच राहिला, कारण हिंगोलीचा कारभार परभणीहून आणि वाशीमचा अकोल्याहून चाले. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये आणि हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, तेव्हा कोठे जिल्ह्याच्या दर्जाचे रुग्णालय दोन्ही बाजूंना टप्प्यात आले. आजारी मुलाला घेऊन निघालेल्या कुटुंबाला अकोला–पूर्णा रेल्वेमार्ग आणि आता राष्ट्रीय महामार्ग १६१ यांमुळे दोन्ही दिशा मोकळ्या असतात, आणि पूर्वी माल अडवणारी जागा आता वाहन मिळण्याची जागा झाली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या आणि १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम यांनी डांग्या खोकला, घटसर्प आणि गोवर या हिवाळ्यात बळी घेणाऱ्या आजारांचा जोर मोडला.

तरीही वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलाचे आईबाप सरकारी केंद्रापेक्षा खाजगी दवाखान्याकडे अधिक वळले, आणि तेथे एक नवी रूढी तयार झाली. दर सर्दीला प्रतिजैविक, दर तापाला सुई आणि न उतरणाऱ्या खोकल्याला वाफ, असा क्रम पडत गेला. तीन-चार हिवाळी दुखणी ओळीने आली की अनेक मुलांवर प्रायमरी कॉम्प्लेक्सचा, म्हणजे बालक्षयाच्या प्राथमिक अवस्थेचा, शिक्का बसून पुरेशा तपासणीविना सहा महिन्यांची औषधे सुरू होत. बिब्ब्याच्या काळी जी मनःस्थिती होती ती येथेही दिसते. मूल कण्हत असताना काहीतरी केलेच पाहिजे, नुसते पाहत बसणे म्हणजे हयगय, अशी समजूत आईबापांची असते आणि उपचार करणाराही तिच्या दडपणाखाली वागतो. विषाणूंनी होणाऱ्या सर्दीवर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग होत नाही आणि त्यांच्या अतिवापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे ज्ञान या दडपणापुढे बहुधा दुबळे ठरले.

श्वासांची मोजणी

यातून मार्ग काढणारे एक मोठे काम महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत झाले. पाप्युआ न्यू गिनीतील फ्रँक शान यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे दाखवून दिले होते की, खोकला असलेल्या मुलाच्या श्वासांची गती मोजली तर क्ष-किरण किंवा स्टेथोस्कोप यांविनाही न्यूमोनिया बऱ्याच अंशी ओळखता येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने हे तत्त्व खेड्यात नेले. ५८ गावांत गावातीलच आरोग्यसेवक, निमवैद्यकीय कर्मचारी आणि दाया यांना श्वास मोजून औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले आणि ४४ गावांशी त्यांची तुलना करण्यात आली. १९९० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार मिळालेल्या न्यूमोनियाग्रस्त मुलांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. स्त्रिया मुलांच्या दुखण्याची लक्षणे ज्या बोलीत सांगत, त्याच बोलीच्या आधारे पालकांना धोक्याच्या खुणा समजावण्यात आल्या.

अक्षरओळख नसलेल्या दाईला साठपर्यंत श्वास मोजणे अवघड जाई, म्हणून तेथे वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी एकत्र बसवलेले साधन वापरण्यात आले. वाळू गळू लागली की मुलाच्या पोटाकडे पाहत ठरावीक श्वासांगणिक एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी खुणेचा मणी ओलांडला गेला तर श्वास जलद आहे असे समजून औषध द्यायचे, इतकी ती रीत सोपी होती. जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेली मर्यादा अशी आहे की, दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानावे. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजावे. आणि छाती आत ओढली जात असेल, मूल पीत-खात नसेल, सुस्त पडले असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर मोजणीत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. लहाक आणि डब्बा या शब्दांनी जे सांगितले जात होते तेच येथे आकड्यांत आले, आणि त्याबरोबर दुसरी, तितकीच मोलाची गोष्टही साधली. ज्या मुलाचा श्वास मर्यादेत आहे आणि जे पीत-खेळत आहे, त्याच्या सर्दीसाठी औषधाची घाई नाही, असे आईबापांना पहिल्यांदाच आधाराने सांगता येऊ लागले.

हे तत्त्व पुढे राष्ट्रीय कार्यक्रमांत उतरले. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानंतर गावोगाव आलेल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जाऊन श्वास मोजू लागल्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने न्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ ही मोहीम सुरू केली. २०११ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या पंचगुणी लसीने हिब या जंतूपासून आणि २०२१ मध्ये देशभर विस्तारलेल्या न्यूमोकोकल लसीने न्यूमोनियाच्या आणखी एका प्रमुख जंतूपासून संरक्षण दिले. या लसींनी साधी सर्दी थांबत नाही, आणि म्हणून लस देऊनही मूल आजारी पडतेच, अशी तक्रार ऐकू येते. परंतु त्यांचे काम पडसे रोखण्याचे नसून पडशाच्या गर्दीत लपलेले जीवघेणे दुखणे कमी करण्याचे आहे.

उरलेला हिवाळा

औषध, रस्ता आणि लस यांनी जे साधले त्याच्या बाहेर दोन गोष्टी उरल्या. पहिली धुराची होय. १९८० च्या दशकात कर्क स्मिथ यांनी गुजरातमधील खेड्यांत केलेल्या मोजमापांपासून पुढे जमत गेलेल्या पुराव्याने चुलीचा धूर आणि मुलांचा न्यूमोनिया यांचा संबंध प्रस्थापित झाला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी अनेक घरांत नेली, तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च आणि शेतात फुकट मिळणाऱ्या पऱ्हाट्या-तुराट्या यांच्या हिशेबात हिवाळ्यात पाणी तापवायला अजून चूलच पेटते. दुसरी गोष्ट रोजगाराची होय. मराठवाड्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणारी कुटुंबे ऐन थंडीचे महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढतात. तोडणी पहाटे सुरू होते, मूल फडाच्या कडेला असते, आणि गावची अंगणवाडी, लसीकरणाचे कार्ड व ओळखीची आशा हे सारे मागे राहिलेले असते. कमी वजनाच्या मुलाला संसर्ग लवकर होतो आणि प्रत्येक संसर्गानंतर त्याचे वजन आणखी घटते, हे चक्र या स्थलांतरात अधिक घट्ट होते.

शहराकडे सरकलेल्या आणि हाती थोडा पैसा आलेल्या घरांत धोक्याचे रूप पालटले आहे. खोकल्याच्या बाटलीवरचा विश्वास हा त्याचा ठळक भाग होय. सर्दीच्या काही संयुक्त औषधांचा वापर चार वर्षांखालील मुलांसाठी करू नये, असा इशारा त्या औषधांवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी गेले, ज्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. अफूची गोळी आणि ही बाटली यांच्यामधल्या शंभर वर्षांत खोकला दाबून टाकण्याची ओढ कायम राहिली, असा याचा अर्थ होतो.

कनेरगाव नाका परिसरातील या इतिहासाचा निष्कर्ष त्यामुळे औषधांच्या यादीत मावत नाही. हिवाळ्यात मूल वरचेवर आजारी पडते यात आईबापांचा दोष क्वचितच असतो. वाढत्या मुलाच्या शरीराला शेकडो विषाणूंची ओळख करून घ्यावी लागते आणि ती याच वयात, याच ऋतूत होते. त्या दुखण्यांपैकी बहुतेकांना ऊब, अंगावरचे दूध, पाणी, अन्न आणि वेळ यांपलीकडे काही लागत नाही, आणि मोजक्या दुखण्यांना लागते ते ताबडतोब लागते. हा फरक ओळखण्याचे काम पूर्वीही रात्री घरात जाग्या असलेल्या बाईचे होते आणि आजही बहुतांशी तिचेच आहे. तिच्या हाती आता मिनिटाचा आणि श्वासांचा हिशेब आला आहे. मात्र तो हिशेब धोका दाखवील तेव्हा मजुरी बुडेल या भीतीविना तिला निघता यावे, अर्ध्या रात्री वाहन मिळावे आणि पोहोचल्यावर दवाखान्यात औषध व प्राणवायू असावा, या बाबी तिच्या दक्षतेवर सोडता येत नाहीत. त्या समाजाने आणि शासनाने पुरवायच्या आहेत, आणि या सीमाभागात बालसंगोपनाच्या इतिहासाचे पुढील पर्व त्यांवरच ठरणार आहे.